घराला पाहुणा वर्ज्य

‘चालत नाही’ हे दोन शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो याची कोणी मोजदाद केली तर मोठी मौज होईल. उपासाला वांगे चालत नाही. सोमवारी हजामत चालत नाही. तिघांनी मिळून शुभकार्याला निघणे चालत नाही. आणि माडीवरचा पंखा चालत नाही. यांतला पंखा तेवढा खरोखर चालत नसतो. बाकीच्या ठिकाणी वस्तू बिचारी चालायला तयार असते; आपण तिला चालू देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. उपासाच्या दिवशीही वांगे शिजते, गिळता येते आणि पचतेसुद्धा. पण एकदा ‘चालत नाही’ म्हटले की वांगे आणि पंखा एकाच पंक्तीला जाऊन बसतात, आणि मग यातले मोडलेले कोणते व मना केलेले कोणते, हे विचारायचे भान कोणालाच राहत नाही.

हा भेद मला उतारवयात एका संगणकाने शिकवला.

माझे थोरले बंधू, आम्हां सगळ्यांचे दादा, टपालखात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्यापुढे दोन उद्योग होते : पहाटे फिरायला जाणे आणि सांगलीच्या घराच्या माळ्यावरचे रुमाल सोडणे. फिरायला ते फार दिवस गेले नाहीत. रुमाल म्हणजे खिशातले नव्हेत हं! जुनी कागदपत्रे फडक्यात बांधून ठेवलेली असतात त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात. आमच्या घरात असे सात रुमाल होते आणि ते सगळे मोडीत होते. दादांना मोडी आजोबांनी शिकवली होती. माझी पाळी येईपर्यंत शाळांतून मोडी गेली होती, आणि घरातून आजोबाही.

“मोडी वाचणारा मी या घरातला शेवटचा,” दादा म्हणत. “सगळे बालबोधीत उतरवून ठेवतो. मग पुढच्यांचे अडायला नको.” त्यासाठी त्यांनी १९९९ साली संगणक घेतला. त्यात विंडोज ९८ होती आणि मराठी लिहिण्यासाठी एक देशी प्रोग्रॅम होता. पुढची पाच वर्षे दादा एका हातात भिंग धरून दुसऱ्या हाताच्या एका बोटाने टंकन करीत होते. साडेतीनशे पाने झाली. २००५च्या पावसाळ्यात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा वाचण्यासाठी खाली काढून ठेवलेले चार रुमाल चिखल होऊन गेले. संगणक माडीवर होता, तो वाचला. त्यानंतर वर्षाच्या आतच दादा गेले.

२००८च्या सुरुवातीला वहिनींचा पुण्याला फोन आला. “भावजी, ह्यांचे ते यंत्र सुरूच होत नाही हो. नुसता पंखा फिरतो.”

यंत्र पाहिले. त्याचा मुख्य फलक गेला होता, पण आतली डिस्क शाबूत होती. ती काढून मी माझ्या घरच्या नव्या संगणकाला जोडली. त्यात व्हिस्टा नावाची विंडोज होती. व्हिस्टा होम प्रीमियम असे तिचे पूर्ण नाव. दादांच्या सगळ्या फायली ओळीने दिसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. मग मी पहिली फाइल उघडली आणि जीव पुन्हा भांड्यातून बाहेर आला. पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, टिंबे, कंस, उद्गारचिन्हे आणि पौंडाच्या खुणा यांची नुसती खिचडी!

झाले होते असे. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकेका अक्षरागणिक ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था १९९१ पासून अस्तित्वात होती, आणि तिच्यात पहिल्यापासून देवनागरीही होती. पण घरगुती संगणकांना ती कळायला बराच काळ जावा लागला. तोपर्यंत मराठी मंडळींनी एक युक्ती योजली. इंग्रजी अक्षरांच्या जागा तशाच ठेवायच्या आणि त्यांच्या अंगावर मराठी अक्षरांचे अंगरखे चढवायचे. काना एका जागी, मात्रा दुसऱ्या जागी, अर्धा त तिसऱ्या. माणसाला ‘तात्या’ दिसे, यंत्राला मात्र ती चार-सहा निरर्थक इंग्रजी चिन्हे वाटत. म्हणजे संगणकाच्या समजुतीप्रमाणे दादांनी पाच वर्षे अत्यंत अशुद्ध इंग्रजी लिहिले होते. ते अंगरखे होते त्या देशी प्रोग्रॅमपाशी, आणि तो प्रोग्रॅम ९८खेरीज कोठे पाऊल टाकायला तयार नव्हता. कळफलकावरच्या प्रत्येक कळीवर तो स्वतः नजर ठेवीत असे. ९८मध्ये त्याला तशी मुभा होती. व्हिस्टाचे घराणे निराळे. तेथे असा परभारे कारभार चालतच नाही. हे ‘चालत नाही’ मात्र पंख्यातले होते.

आता उपाय काय? जुने यंत्र शोधायचे, किंवा नव्या यंत्राच्या पोटात जुने यंत्र आहे असा भास निर्माण करायचा. या दुसऱ्या उपायाला ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात. आपण आभासी यंत्र म्हणू.

ही कल्पना मला फार आवडली. एक प्रोग्रॅम असतो. तो जुन्या विंडोजला म्हणतो, “ये बाई, हा घे तुझा संगणक.” खरे तर संगणक-बिंगणक काही नसतो. जुनी विंडोज म्हणते, डिस्कवर हे लिही. प्रोग्रॅम ‘बरे’ म्हणतो आणि खऱ्या डिस्कवरच्या एका मोठ्या फायलीत ते लिहून ठेवतो. ती म्हणते, पडद्यावर हे दाखव. तो पडद्यावरच्या एका चौकटीत दाखवतो. तिला वाटत असते की आपण एका स्वतंत्र वाड्याची मालकीण आहोत. प्रत्यक्षात ती असते परसातल्या एका खोलीत, आणि तिची सारी इस्टेट म्हणजे एक फाइल. आमच्या वेदान्त्यांनी हजारो पाने खर्चून जे सांगितले, ते पटवायला हा प्रोग्रॅम दहा मिनिटे घेतो.

आणि ही माया काही आजची नव्हे. संगणक खोलीएवढे होते त्या काळी, अमेरिकेतल्या केंब्रिज गावी आय. बी. एम. कंपनीच्या केंद्रात सी. पी.-४० नावाची व्यवस्था झाली. १९६७ साली ती कामाला लागली. एकाच यंत्रावर चौदा जण बसत, आणि सारे यंत्र आपले एकट्याचेच आहे असे प्रत्येकाला वाटे. त्याच कुळातली व्हीएम/३७० ही व्यवस्था १९७२ साली बाजारात आली. घरगुती यंत्रांत हा चमत्कार उतरायला शतकाची अखेर उजाडली. कनेक्टिक्स या कंपनीने १९९७ साली व्हर्च्युअल पीसी काढला, तो मॅकिन्टॉशच्या पोटात विंडोज चालवण्यासाठी. मायक्रोसॉफ्टने तो २००३ साली विकत घेतला आणि २००६ पासून फुकट वाटायला सुरुवात केली. फुकट हा शब्द वाचून मी उठलोच आणि संगणकाच्या दुकानात गेलो.

दुकानातला तरुण मोठा नम्र होता. “काका, तुमच्याकडे कोणती व्हिस्टा आहे?”

“होम प्रीमियम.”

“मग नाही चालणार. होमवर व्हर्च्युअल पीसी चालत नाही. बिझनेस नाही तर अल्टिमेट घ्यावी लागेल.” आणि त्याने वरच्या आवृत्तीची किंमत सांगितली. ती ऐकून, ज्या गोष्टीसाठी एवढे पैसे मोजायचे तिला फुकट का म्हणतात, असा प्रश्न माझ्या मनात आला. पण तो विचारण्यात अर्थ नव्हता.

घरी आलो तो शेजारची मुलगी जिन्यात भेटली. ती तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि मला आजोबा म्हणत असल्यामुळे माझ्या संगणकाचे आजार निपटणे हे ती आपले कर्तव्य समजे. तिने व्हर्च्युअल पीसी २००७ची सोबतची माहिती शांतपणे वाचली. कोणकोणत्या विंडोजवर तो बसवावा याची तीत यादी होती : व्हिस्टाची बिझनेस, एंटरप्राइझ आणि अल्टिमेट, एक्सपीची प्रोफेशनल, शिवाय सर्व्हर. होम नव्हतीच.

“पाहा,” मी म्हणालो. “चालत नाही.”

“आजोबा, चालत नाही असे कोठे लिहिले आहे? यादीत नाही एवढेच आहे. म्हणजे बसवायला बंदी नाही. फक्त उद्या अडले तर विचारायला यायचे नाही.”

ही पोर पुढे फार शिकली. पण त्या दिवशी जिन्यात ती जे बोलली, त्यापेक्षा मोठे काही तिला शिकता आले असेल असे मला वाटत नाही.

या शास्त्राची परिभाषा मला तिनेच सांगितली. बाहेरच्या, खऱ्या विंडोजला म्हणतात ‘होस्ट’, म्हणजे यजमान. आत भासावर जगणारीला म्हणतात ‘गेस्ट’, म्हणजे पाहुणी. आणि यादीचा अर्थ काय, तर कचेरीने यजमान व्हावे, घराने होऊ नये! एवढ्यावर हे थांबत नव्हते. व्हिस्टाच्या होम आवृत्त्यांना दुसऱ्याच्या पोटात पाहुणी म्हणून जायलाही त्यांच्या परवान्यात मनाई होती. ती उठली जानेवारी २००८मध्ये, म्हणजे आमच्या या खटपटीच्या थोडीच आधी. तोवर घराने कोणाला बोलवायचे नाही आणि कोणाकडे जायचेही नाही, असा शिरस्ता होता. जिचे नावच होम, तिला पाहुण्यांचे एवढे वावडे!

तशी ही व्यवस्था अगदीच बिनबुडाची नव्हे. कारखानदाराला प्रत्येक जोडी तपासून पाहावी लागते, तक्रारी ऐकायला माणसे ठेवावी लागतात, आणि त्यांचा पगार कचेऱ्यांच्या पैशातून निघतो. जुना प्रोग्रॅम जपण्याची निकड एखाद्या पेढीला असणार, घरात बसून चित्रे पाहणाऱ्याला आणि पत्ते खेळणाऱ्याला कशाला असेल, असा त्यामागचा हिशेब. हिशेब चोख आहे. चुकले आहे ते फक्त घराबद्दलचे ज्ञान. कचेरीतले जुने कागद ठरावीक मुदतीनंतर नियमाने नष्ट करतात. जुने काही सांभाळून ठेवण्याची खोड असते ती घरालाच. माळा घराला असतो, कचेरीला नसतो.

एका रविवारी आम्ही कामाला बसलो. व्हर्च्युअल पीसी बसवताना एक चौकट उघडली : या यजमानावर या प्रोग्रॅमला आधार नाही. मुलीने ‘पुढे’वर टिचकी मारली. काहीही झाले नाही, म्हणजे सगळे नीट झाले. मग पाहुणीसाठी खोली मांडली. तिला १२८ मेगाबाइट स्मृती दिली. ९८ला तेवढी राजेशाही. दादांची मूळ तबकडी आणि परवान्याचा क्रमांक वहिनींनी डब्यात जपून ठेवला होता, तो उपयोगी पडला. देशी प्रोग्रॅम फ्लॉपींवर होता आणि माझ्या यंत्राला फ्लॉपीची फटच नव्हती. मुलीने त्या फ्लॉपींच्या नकला कॉलेजातल्या एका जुन्या यंत्रावर फायलींत उतरवून आणल्या, आणि आभासी यंत्राने त्या आभासी फ्लॉपी बिनतक्रार गिळल्या.

थोड्या वेळाने चौकटीत ते ढगांचे निळे चित्र उमटले. ९८ला आत गेल्यावर आपण दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रात आहोत असेच वाटत होते, कारण तिला तसेच भासवले होते : चित्रासाठी एस-३ ट्रायो, आवाजासाठी साउंड ब्लास्टर १६. ही दोन्ही नावे ऐकून माझ्या भाच्याचे डोळे पाणावले असते. मुलीने एक खबरदारी घेतली. पाहुणीचा बाहेरच्या जाळ्याशी संबंध तोडून टाकला. “हिची काळजी घेणे कंपनीने ११ जुलै २००६पासून सोडले आहे, आजोबा. नवे रोग हिला सोसायचे नाहीत. हिला अंगणाबाहेर पाठवू नका.” पाहुणी निराधार, यजमान अनधिकृत, आणि दोघांचे उत्तम चालले होते.

मग दादांची पहिली फाइल उघडली. खिचडीची अक्षरे झाली.

मी सगळे येथे सांगत बसत नाही. घरोघरच्या दप्तरात असते तेच होते : विहिरीच्या पाळ्या, बांधाची भांडणे, लग्नाच्या याद्या. पण पुरात गेलेल्या रुमालांपैकी एकातली सहा पाने मात्र आमच्यापैकी कोणीच कधी पाहिली नव्हती. शके १७९८ची, म्हणजे १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळातली ती यादी. आमच्या खापरपणजीने पेवातली ज्वारी कोणाकोणाला दिली त्यांची नावे, आणि पुढे पायल्या. नावे सर्व जातींची. वसुलीचा रकाना सहाही पाने कोरा, आणि शेवटी कारकुनाच्या हातची एक ओळ : बाईसाहेबांचे सांगणे की यांजकडे मागू नये. खाली दादांनी आपल्याकडून एवढेच लिहिले होते : ‘कागद पाण्याने डागाळला आहे. दोन नावे लागत नाहीत. पुन्हा पाहणे.’

त्यांचे पुन्हा पाहणे राहिले. ज्यावरून पाहायचे तो कागद कृष्णेत गेला. त्या बाईचे सांगणे आता जगात एकाच ठिकाणी उरले होते : एका आधार काढून घेतलेल्या विंडोजमध्ये, जी ‘चालत नाही’ अशा जागी चालत होती.

त्यातून ते बाहेर काढणे हा आणखी एका उन्हाळ्याचा उद्योग झाला. जुन्या अंगरख्यांची युनिकोडात बदली करणारे प्रोग्रॅम मिळतात. पण ते ऱ्हस्व वेलांटी कोठे बसवायची यात हमखास घोटाळा करतात, आणि रफाराचा तर त्यांना तिटकाराच असावा. वहिनी पाहुणीच्या चौकटीतले वाचीत आणि मी नव्यात दुरुस्त करी. “भावजी, ‘कार्य’ आहे, ‘काय’ नव्हे,” असे त्यांनी मला किती वेळा सांगितले असेल! साडेतीनशे पाने दोघांनी मिळून वाचली. वहिनींनी इतक्या वर्षांत दादांचे ते काम कधी वाचले नव्हते. त्या चहा तेवढा नेऊन ठेवीत. त्या उन्हाळ्यात त्यांनी ते शब्दन् शब्द वाचले, तेही मोठ्याने.

तेव्हापासून एक विचार मनात घोळतो. जे तीन रुमाल पुरातून वाचले, ते आजही फडके सोडले की वाचता येतात. मोडी येणारे माणूस हवे, एवढेच. मोडीलासुद्धा युनिकोडात २०१४ साली जागा मिळाली. उलट पुढच्यांचे अडू नये म्हणून दादांनी स्वच्छ बालबोधीत जे उतरवले, ते दहा वर्षांच्या आत कोणालाच वाचता येईना. शाई उडते, कागद कुजतो, हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून आपण त्यांना फडक्यात बांधतो. पण शाबूत असलेली वस्तूही निराधार होऊ शकते, हे ज्ञान नवे आहे. तिला कसर लागत नाही. यादीतून तिचे नाव कमी होते, इतकेच.

आणि यादी तरी कोणाची टिकली? जी व्हिस्टा तेव्हा यजमान व्हायला नालायक ठरली, तिचाच आधार ११ एप्रिल २०१७ रोजी संपला. तिच्यामागून आलेल्या विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. आज माझ्या टेबलावर विंडोज ११ आहे; अर्थात होमच. या होमलाही कंपनीचा हायपर-व्ही हा आभासी यंत्रांचा कारखाना मिळत नाही, तो वरच्या आवृत्तीला. पण २०२०पासून लिनक्सला घरात ठेवून घेण्याची सोय होमलाही झाली आहे. शिवाय व्हर्च्युअलबॉक्ससारखे प्रोग्रॅम आहेत. ते तुम्ही घर आहात की कचेरी हे विचारीत नाहीत. म्हणजे दार थोडे किलकिले झाले आहे.

दादांची ९८ अजून आमच्याकडे आहे. तिची सारी इस्टेट एक फाइल असल्यामुळे घर बदलताना तिला त्रास होत नाही. एका यंत्रातून उचलून दुसऱ्यात ठेवायची. तिच्या एका नकलेचे बिऱ्हाड भाच्याकडे आहे, एक त्या शेजारच्या मुलीकडे. पाने मी कागदावरही छापून घेतली आणि चांगली बांधून वाचलेल्या रुमालांशेजारी माळ्यावर ठेवली आहेत. उद्या कोणी मला विचारले की या व्यवस्थेला आधार कोणाचा, तर कोणत्याही कंपनीचे नाव मला सांगता येणार नाही. तीन घरांतली चार माणसे, एवढेच सांगता येईल. खापरपणजीच्या यादीला तरी दुसरा कोणाचा आधार होता?